दोन गुंठे, चाकावरचं घर आणि माझे ११,१७,९०० रुपये

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कारकुनी केली. आवक-जावक, टिपणी, नस्ती, स्मरणपत्र यातच हयात गेली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, कागद वाचता न येणारा कुणी भोळाभाबडा असेल. नव्हतो. कागद वाचण्याचाच पगार घेत होतो. म्हणून तर वर्षभर तोंड उघडलं नाही. मुलीला अजून वाटतंय की आईला तिकडची हवा मानवली नाही म्हणून आम्ही ते घर विकलं.

मे २०२३ मध्ये निवृत्त झालो. ग्रॅच्युइटी आली, रजेचे पैसे आले. बायकोचे गुडघे गेलेले, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिला पायरी नसलेलं घर आणि दारात चार झाडं हवी होती. यात हाव कुठे आली? जमिनीत पैसे गुंतवून दुप्पट करायला निघालेलो नव्हतो मी.

साडूच्या ओळखीतला एक मुलगा होता. एजंट म्हणवून घेत नसे, 'डेव्हलपर' म्हणायचा. पुण्यापासून दीड तासावर, धरणाच्या अलीकडे, एका गटात त्याने फक्की मारून चौकोन पाडले होते, मधून मुरमाचा रस्ता, वेशीवर कमान. असे चौकोन तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. गुंठ्याला ३,२५,००० प्रमाणे दोन गुंठ्यांचे ६,५०,००० ठरले.

तुकडेबंदी मला माहीत होती. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे, त्याखाली खरेदीखत नोंदवता येत नाही, हे मीच त्याला ऐकवलं. तो हसला. म्हणाला, "काका, तुमच्यासारखं माणूस भेटलं की बरं वाटतं. दहा जणांचं मिळून एकच खरेदीखत करू, बरोबर २० गुंठ्यांचं. कायद्यात बसतंय." बसतंय हे खरंच होतं. पण दहा जणांत माझे दोन गुंठे नेमके कुठले, हे त्या खरेदीखतात कुठेच नाही. फक्कीचे चौकोन एका पावसात वाहून जातात. सामाईकातलं घेऊ नका, घेतलंत तर सरकारी मोजणी होऊन पोटहिस्सा पडल्याशिवाय एक रुपया सुटू देऊ नका.

आता घराचं. मी विटा-सिमेंटचं बोललो तर तो म्हणाला, "बांधायचंच कशाला? बांधकाम केलं की परवानगी आली, नकाशा आला, चकरा आल्या. आपण कंटेनरचं तयार घर आणून ठेवू. चाकावर असतं. उद्या ओढून नेता येतं. गाडी उभी करायला कुणी परवानगी मागतं का?" वर त्याने राज्य सरकारच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाची छापील पानं माझ्यापुढे टाकली. सरकारच म्हणतंय चाकावर राहा, मग तुम्ही का घाबरता?

ते धोरण पर्यटन खात्याकडे नोंदवायच्या वाहनांसाठी आणि त्यांच्या वाहनतळांसाठी आहे. आमच्या 'वाहनाला' दोन चाकं होती, कुठल्या तरी टेम्पोची, टायर बसलेले. बाकी सगळा भार सिमेंटच्या ठोकळ्यांवर. नंबर प्लेट नाही की आरसी बुक नाही. आणि मुळात जमीन महसूल संहितेचं कलम ४२ भिंत विटांची की पत्र्याची हे विचारतच नाही. ते जमिनीच्या वापराबद्दल बोलतं. शेतजमिनीवर परवानगीशिवाय तुम्ही संसार मांडलात, की झाला बिनशेती वापर, मग घराला चाकं असोत नाहीतर पंख. शेतघर म्हणावं तर त्याला किमान ४० गुंठे लागतात. आमच्याकडे दोन, तेही सामाईकातले. हे सगळं मी नंतर वाचलं. वाचायला एक दुपार पुरली.

आता तो दिवस. डिसेंबर २०२३, त्याच्या ऑफिसात. मी म्हटलं, एनएची, म्हणजे बिनशेती परवानगीची ऑर्डर दाखवा. त्याने फाईल उघडून एक कागद पुढे केला. वर जिल्हाधिकारी कार्यालयाचं नाव, गट नंबर बरोबर, खाली गोल शिक्का. मी चष्मा लावला. विषय असा होता: 'मौजे अमुक, गट नंबर तमुक, या जमिनीस बिनशेती परवानगी मिळणेबाबत.'

मिळणेबाबत.

एकतीस वर्षांत हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल याला गणती नाही. रजा मिळणेबाबत, अग्रिम मिळणेबाबत, दाखला मिळणेबाबत. मागणारा लिहितो मिळणेबाबत. देणारा वर 'आदेश' लिहितो, खाली अटी घालतो, सही करतो, जावक क्रमांक टाकतो. माझ्या हातात होता तो अर्ज होता. जिल्हाधिकारी कार्यालयाचं नाव वर होतं, कारण अर्ज त्यांना लिहिलेला होता. आणि गोल शिक्का आवक बारनिशीचा होता. कुणीही उठून कागद दिला की मारून देतात तो. आमच्या ऑफिसात तो शिक्का शिपाई मारायचा, एका हातात चहा धरून.

मी तो शब्द वाचला. वाचलाच नाही असं म्हणणार नाही. डोळे त्याच्यावरून गेले आणि पुढे सरकले. नेमकं त्याच वेळी बायको त्या पोराला विचारत होती की तुळस कुठल्या अंगाला येईल, आणि तो तिला नकाशावर दाखवत होता. तिचा चेहरा मी बघत होतो. बाहेर आल्यावर तीच म्हणाली, "अहो, कागद वकिलाला दाखवू या का एकदा?" मी खेकसलो. म्हटलं, "जन्म गेला माझा कागदात, वकील काय सांगणार मला?" हे वाक्य तिने आजवर एकदाही परत काढलेलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मी काहीच तपासलं नाही असंही नाही. पूररेषा तपासली. आमच्याच खात्याचा विषय. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळी आणि लाल यांच्या मधलं क्षेत्र नियंत्रित. जुन्या सहकाऱ्याकडून नकाशा मागवला, जागा लाल रेषेच्याही बाहेर निघाली. छाती फुगली. मी मला येत होतं तेवढंच तपासलं आणि सगळं तपासल्याच्या रुबाबात सही केली.

पैसे असे गेले. जागेचे ६,५०,०००, त्यातले २,५०,००० चेकने आणि ४,००,००० रोख. होय, रोख. माझ्या हिश्शाची किंमत खरेदीखतात २,५०,०००च दाखवली. 'मुद्रांक वाचतो' म्हणाला आणि मी मान डोलावली. कंटेनर घर ४,८०,०००. 'एनए फाईलचा खर्च' ७५,०००. ग्रामपंचायतीत नोंद करायचे २१,०००. विजेच्या खांबाचे ३८,०००. एकूण १२,६४,०००. ग्रामपंचायतीची पावती हातात पडली ती घरपट्टीची, १,१४० रुपयांची. बाकी १९,८६० कुठे गेले, हे त्याला विचारायचीही मला लाज वाटली.

त्या पावतीवरून मात्र मी वर्गमित्रांना फोटो पाठवले होते. घरपट्टी सुरू झाली म्हणजे घर पक्कं! नमुना आठच्या उताऱ्याखाली बारीक अक्षरात छापलेलं होतं की सदर नोंद फक्त कर आकारणीसाठी आहे. ग्रामपंचायत कर कशावरही घेते. कर घेतला म्हणजे घर अधिकृत झालं नाही. आणि गावठाणाबाहेर परवानगी देणं सरपंचाच्या हातात नसतं, त्याचा नाहरकत दाखला घरी फ्रेम करून लावा, त्याहून जास्त उपयोग नाही.

मार्च २०२४ मध्ये घर येऊन बसलं. पाच महिने राहिलो, खोटं कशाला बोलू, चांगले गेले. ऑगस्टमध्ये तहसीलची नोटीस: विनापरवाना बिनशेती वापर, सात दिवसांत हटवा, दंड १६,४००. आठवड्याच्या आत दुसरा कागद, फेरफार नामंजूर, म्हणजे सातबाऱ्यावर आमची नावं चढणार नाहीत. शेतजमीन घ्यायला लागणारे शेतकरी असल्याचे दाखले दहा खरेदीदारांपैकी तिघांचे टिकले नव्हते. माझा गावाकडचा सातबारा अस्सल, वडिलोपार्जित. पण दस्त एकच, फेरफार एकच. तिघांबरोबर मीही बुडालो.

मग सुरू झाली यात्रा.

ग्रामपंचायतीत गेलो. "आम्ही फक्त कर लावतो." त्यांच्या दाखल्यावर त्यांचाच शिक्का दाखवला तर म्हणाले, तो मागच्या बॉडीच्या काळातला. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. पाट्या बदलल्या, पण टेबलामागचा माणूस दोन्हीकडे 'साहेब मीटिंगला गेलेत' हेच सांगतो. कमान गावात दीड वर्ष उभी होती. पंचवीस फुटी ट्रेलर भरदुपारी गावातून गेला. तेव्हा एकालाही दिसलं नाही? नोटीस द्यायला मात्र बरोबर जागा सापडली, आणि नाव सापडलं ते माझं. कमान ज्याने उभारली त्याचं नाही. तहसीलमध्ये मी हेच विचारलं. अव्वल कारकून, म्हणजे माझाच जातभाई, फाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "वापर तुमचा आहे ना?"

तिथून नगररचना विभागात, जिल्ह्याच्या गावी. किरकोळ फी भरून झोन दाखला काढला. प्रादेशिक योजनेत गट शेती तथा ना-विकास विभागात. म्हणजे त्या अर्जाला कधी होकार मिळेल अशी आशाच नव्हती, आणि हा दाखला मला डिसेंबर २०२३ मध्येही इतक्याच फीत मिळाला असता. विसार देण्याआधी हा एक कागद स्वतः जाऊन काढा. एजंट 'काढून आणतो' म्हणाला तरी स्वतः जा. खिडकीवरच्या बाईंनी मात्र नीट समजावून सांगितलं, तेवढ्या एकाच माणसाचं नाव मी आदराने घेतो.

पोलीस ठाण्यात तीन तास बसवलं. मग म्हणाले, "काका, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." मी म्हटलं, नवीन न्याय संहितेत ३१८ कलम आहे, फसवणुकीचं. त्यावर साहेबांनी शांतपणे विचारलं, "चार लाख रोख दिलेत म्हणता. पावती? जमिनीच्या व्यवहारात वीस हजारांवर रोख चालत नाही, हे सरकारी नोकराला माहीत नव्हतं?" तिथे बसलेली दोन पोरं हसली. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण चोराला सोडून संन्याशाला पकडायचं हे किती सोपं काम! रोख देणारा गुन्हेगार, वापर करणारा गुन्हेगार, आणि ज्याने दहा जणांना एकाच कागदावर नाचवलं तो 'व्यावसायिक वादातला पक्षकार'.

लोकशाही दिनालाही गेलो, जिल्ह्याला, पहिल्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात, दोन प्रतींत दिलेला. माझा नंबर आला, माझा कागद वरच्या साहेबांकडून खालच्या साहेबांकडे गेला, आणि महिन्याने मला पोस्टाने उत्तर आलं की आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी तहसील कार्यालयाकडे वर्ग केला आहे. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याकडेच. मी स्वतः असे किती अर्ज 'वर्ग' केले असतील नोकरीत, तेव्हा समोरच्याचं काय होत असेल हे डोक्यातही आलं नव्हतं. हे लिहिताना बरं वाटत नाही.

माहिती अधिकारात दहा रुपये भरून त्या पोराच्या 'मिळणेबाबत'च्या अर्जाचं पुढे काय झालं विचारलं. तीस दिवस पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी उत्तर आलं: अर्जदाराने त्रुटींची पूर्तता न केल्याने प्रकरण दप्तरी दाखल. म्हणजे फाईल बंद. कधी? नोव्हेंबर २०२३. मला तो कागद दाखवला त्याच्या महिनाभर आधी. ते दहा रुपये मी आधी खर्च करायला हवे होते.

कंटेनर हटवायला क्रेन आणि ट्रेलरचे २७,५०० गेले. एका रोपवाटिकावाल्याने तो १,९०,००० ला नेला, खतं ठेवायला. १२,६४,००० अधिक १६,४०० अधिक २७,५००, उणे १,९०,०००. बरोबर ११,१७,९००. बायकोने तुळस मात्र मातीच्या गोळ्यासकट उपटून आणली, तिसऱ्या मजल्यावर.

आणखी एक राहिलं. असे प्लॉट पाडून विकणाऱ्याला साधारणपणे महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी लागते. क्रमांक मागा. "शेतीला रेरा लागत नाही" असं उत्तर आलं तर त्याच्याच तोंडून निघालं की ती शेती आहे. तिथूनच उठा. चहा घेत बसू नका.

आम्हा दहापैकी सहा जण आता एकत्र आलोय, वकील केलाय, कोर्टात खासगी फिर्याद दाखल करतोय. उरलेल्या चौघांपैकी दोघे परदेशात, एक फोन उचलत नाहीत. चौथे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. गेल्या आठवड्यात त्यांना सगळे कागद नेऊन दाखवले, झोन दाखला, माहिती अधिकाराचं उत्तर, सगळं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, कागद परत दिले आणि म्हणाले, "त्या पोराशी कालच बोललो मी. एनएची फाईल वर गेलीये म्हणतो. फक्त आणखी पन्नास हजार लागतील."