म्हापशातील पुस्तकांचे दुकान

युद्धकाळात ज्यूंना आसरा देणाऱ्या खेडुतांविषयी काही आहे का, असे विचारताच म्हापशाच्या बाजारातील या लहानशा दुकानाच्या मालकांनी वरच्या फळीवरून दोन जुनी इंग्रजी पुस्तके काढली आणि बसून चाळण्यासाठी खुर्चीही दिली. पोलंडमधील मार्कोवा गावच्या युझेफ व विक्टोरिया उल्मा या शेतकरी दांपत्याने आठ ज्यूंना घरात लपवले होते. २४ मार्च १९४४ रोजी जर्मन पोलिसांनी त्या आठांसह युझेफ, गरोदर विक्टोरिया आणि त्यांची सहा मुले यांना ठार मारले, हे वाचल्यावर मला कितीतरी वेळ पान उलटवेना. किंमत रास्त आहे. मराठीत मात्र या विषयावर तेथे एकही पुस्तक नव्हते, याची खंत वाटते.