हायड्रोसायक्लोन आठ महिने वापरल्यावर (मुख्यतः त्या 2 मिलिमीटरच्या भोकाबद्दल)

हायड्रोसायक्लोन म्हणजे तेलविहिरीतून तेलाबरोबर येणारं पाणी गरगर फिरवून त्यातलं उरलेलं तेल काढणारं यंत्र. गेल्या ड्यूटीत सकाळच्या सॅम्पलला 62 पीपीएम (दहा लाखात 62 भाग) तेल आलं, तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं. समुद्रात सोडायच्या पाण्यात तेल 95 टक्के वेळा 40 च्या आत हवं, 100 च्या वर कधीच नको. म्हणजे नियम मोडला नव्हता, पण उरलेल्या 5 टक्क्यांची शिल्लक आम्ही भराभर खात होतो.

यंत्र तसं गुणी. फिरणारा भाग एकही नाही, सेपरेटरच्याच (तेल, वायू आणि पाणी वेगळं करणाऱ्या आधीच्या टाकीच्या) दाबावर चालतं, जागा थोडी. पहिले तीन महिने 20-25 च्या वर गेलंच नाही. दोघातिघांना मी सांगूनही बसलो, घ्या डोळे झाकून.

मग ते भोक. लायनरच्या (यंत्राच्या आतल्या निमुळत्या नळीच्या) रुंद टोकाला मधोमध, जेमतेम 2 मिलिमीटरचं. पाणी गरगरतं, तेल मध्यावर गोळा होतं आणि उलट्या दिशेने तिथूनच बाहेर पडतं. तिथे स्केलची (क्षारांच्या थराची) एक खपली अडकली की तेल मुकाट्याने स्वच्छ पाण्याबरोबर निघतं. पॅनेलवर पीडीआर (तेलाच्या आणि पाण्याच्या बाजूच्या दाबघटीचं गुणोत्तर) मात्र 1.8, ठणठणीत! कारण भोकं बुजली की कंट्रोलर रिजेक्टचा (तेल बाहेर नेणाऱ्या लाइनचा) व्हॉल्व्ह आवळून तो आकडा जुळवत बसतो. रिजेक्ट लाइनला फ्लो मीटर असता तर त्याच दिवशी कळलं असतं. व्हेंडर म्हणतो, तो ‘ऑप्शनल’ आहे. अहो, गाडीला पेट्रोलचा काटा ऑप्शनल असतो का?

त्यांच्या सर्व्हिसवाल्याचा उपाय एकच, सगळे लायनर नवे घ्या. कोटेशन पाहून साहेबांनी चहा खाली ठेवला. शेवटी आम्हीच व्हेसल (लायनर बसवलेली टाकी) उघडलं. 40 पैकी 11 बुजलेले. ॲसिडमध्ये भिजवून नायलॉनच्या ब्रशने साफ केले. एका उत्साही पोराने तार खुपसली, भोक रुंदावलं, तो लायनर बाद. त्या जागी ब्लँक, म्हणजे बंद डमी.

एवढं करून आकडा 45. इथे मला माझं म्हणणं थोडं मागे घ्यावं लागतंय. लेव्हल कंट्रोल व्हॉल्व्ह (सेपरेटरमधली पाण्याची पातळी राखणारा) आम्ही सायक्लोनच्या आधी बसवलाय. अर्धवट बंद व्हॉल्व्हमधून जाताना तेलाच्या थेंबांचा पार भुगा होतो, आणि 10 मायक्रॉनच्या खालचं हे यंत्र धरत नाही. ड्रॉइंग आमचंच. आता तो सताड उघडा ठेवून थ्रॉटलिंग (प्रवाह आवळणं) सायक्लोननंतरच्या व्हॉल्व्हने करतोय. कालचं सॅम्पल 28.

तरी फ्लो मीटरचा इंडेंट (मागणीपत्र) टाकलाय. तिसऱ्यांदा.