ईलीतील आउटफिटरची हिवाळी नियोजनसेवा: दोन वर्षांचा अनुभव

अमेरिकेच्या उत्तर मिनेसोटातील बाउंडरी वॉटर्स या दहा लाख एकरांहून मोठ्या अरण्यात उन्हाळ्यात कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, घेऊन जायचे असेल, तर ठरवाठरवी सरोवरे गोठलेली असतानाच करावी लागते. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात प्रत्येक प्रवेशस्थानातून दररोज मोजक्याच गटांना मुक्कामासाठी आत सोडतात आणि त्या परमिटांचे आरक्षण जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी नऊ वाजता खुले होते. म्हणूनच ईली गावातील ज्या आउटफिटरकडून (सहलीचे सामान भाड्याने देणाऱ्याकडून) आम्ही सलग दोन वर्षे होड्या भाड्याने घेतल्या, त्याच्या सामानापेक्षा त्याच्या डिसेंबरमधील सल्ल्याविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिल्या वर्षी मी फोनवर सरोवरांची लांबलचक यादी वाचून दाखवली. पलीकडच्या बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला: पोर्टेजवरून सामान एका खेपेत नेणार की दोन? दोन सरोवरांमधली ही पायवाट नकाशात रॉडमध्ये दिलेली असते. आपल्याकडे जमीन काठीने मोजत, त्याच जातीचे हे माप असून एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. हडसन सरोवरातून इन्सुला सरोवराकडे जाणारे पोर्टेज 105 रॉडांचे, म्हणजे जेमतेम 530 मीटरचे आहे. परंतु दोन खेपा करायच्या तर ती वाट तीनदा तुडवावी लागते आणि अंतर 1.6 किलोमीटरपर्यंत जाते. हा हिशेब त्यांनी प्रत्येक पोर्टेजसाठी करून दिला, आमच्या यादीतला निम्मा मार्ग कापला आणि ‘लेक वन’ या सरोवरावरील प्रवेशस्थानातून इन्सुलापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतण्याचा बेत सुचवला. वाऱ्यामुळे अडकून पडण्यासाठी एक दिवस मोकळा ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता, आणि इन्सुलावर आमचा एक अख्खा दिवस खरोखरच तंबूत गेला.

दुसऱ्या वर्षासाठी आम्हाला जून हवा होता. चिलटे आणि डास त्या दिवसांत किती त्रास देतात हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि आमच्यासोबत मुले असल्याने ऑगस्टअखेरची तारीख निवडायला लावली. पसंतीचे प्रवेशस्थान न मिळाल्यास कोणते घ्यावे, याचे दोन पर्यायही लिहून दिले. परमिटाला प्रत्येक प्रौढामागे 16 डॉलर आणि वर आरक्षणाचे 6 डॉलर पडतात; गटात नऊपेक्षा अधिक माणसे किंवा चारपेक्षा अधिक होड्या चालत नाहीत. आम्ही दोन कुटुंबे मिळून आठ जण असल्यामुळे ही मर्यादा आधीच कळणे महत्त्वाचे होते.

होड्या उत्तम आहेत. केव्हलर या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याच्या कनूचे भाडे जास्त असले तरी सुमारे 19 किलोची ती होडी माझी पत्नी एकटी खांद्यावर घेऊ शकली. 30 किलोंच्या पुढच्या ॲल्युमिनियमच्या होडीबाबत ते शक्य झाले नसते.

शाकाहारी शिधा मात्र निराश करणारा होता. पाच दिवसांत तीनदा तोच पास्ता मिळाला आणि डाळीचा एकही पदार्थ नव्हता. त्या अरण्यात खाद्यपदार्थांचे पत्र्याचे सीलबंद डबे आणि काचेच्या बाटल्या नेण्यास मनाई आहे, त्यामुळे कोरडे अन्नच न्यावे लागते, आणि कोरड्या अन्नाच्या बाबतीत आपले स्वयंपाकघर मुळातच समृद्ध आहे. यंदा आम्ही शिधा न घेता मुगाची डाळ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि भाजलेला रवा घरूनच नेणार आहोत. भाड्याने घेणार आहोत ती फक्त अस्वलाला न उघडणारी पेटी.

दुसरी त्रुटी अशी, की हा सल्ला फोनवरच मिळतो आणि ईमेलचे उत्तर यायला आठवडा लागतो. जानेवारीच्या मध्यानंतर तिथे निवांत बोलायला कोणालाच वेळ नसतो, तेव्हा फोन डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावा आणि त्या वेळी नकाशा समोर उलगडून ठेवावा.