व्हिएन्ना पायी बघायचं तर तटाच्या आत की तटाच्या जागेवर?

व्हिएन्नात एकच सकाळ हाताशी असेल तर पायी फिरायला खरे पर्याय दोन. एक, आतलं जुनं शहर: स्टेफान्सडोम कॅथेड्रल, ग्राबेन, कोलमार्क्ट आणि होफबुर्ग राजवाडा. दुसरा, त्याच जुन्या शहराला वळसा घालणारा रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता. राजधानी ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या एकाच हाब्सबुर्ग घराण्याची, पण एका फेरीत साम्राज्य जगताना दिसतं आणि दुसरीत नटून उभं राहिलेलं.

मुंबई पाहिलेल्याला रिंगस्ट्रासे समजावून सांगावा लागत नाही. फोर्टचा तट 1860च्या दशकात पाडला गेला आणि एरवी तोफांच्या माऱ्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या मैदानाच्या कडेने हायकोर्ट, विद्यापीठ अशा इमारती उभ्या राहिल्या. व्हिएन्नात त्याच सुमारास हेच घडत होतं. 1683 मध्ये तुर्कांचा वेढा अडवणारा तट पाडायचा हुकूम सम्राट फ्रान्झ योसेफने 1857 च्या डिसेंबरात काढला. रिकामी झालेली जमीन धनिकांना विकून त्या पैशातून सरकारी इमारती बांधल्या. रस्ता 1865 मध्ये खुला झाला. लांबी सव्वापाच किलोमीटरच्या आसपास.

या रस्त्याची गंमत अशी, की प्रत्येक इमारतीने आपलं काम सांगणारा पोशाख घातलाय. संसद ग्रीक मंदिरासारखी, कारण लोकशाही अथेन्सची. नगरपालिका गॉथिक, मध्ययुगातल्या स्वायत्त शहरांची आठवण म्हणून. विद्यापीठ रेनेसान्स शैलीत. हे एकदा कळलं की रिंगस्ट्रासे आपला आपण वाचता येतो, गाइडची गरज फारशी भासत नाही. मात्र फोटीफकिर्शे चर्चजवळच्या एफ्रुसी वाड्यासमोर जरूर थांबा. तट गेल्यावर इथे घरं बांधणाऱ्या ज्यू बँकर घराण्यांपैकी हे एक. 1938 मध्ये नाझींनी त्यांचं सगळं हिसकावून घेतलं.

आतलं शहर असं नाही. तिथे नुसतं बघून काही कळत नाही, म्हणून गाइडवर खर्च करायचा तर इथे करावा. ऑस्ट्रियात या कामाला सरकारी परवाना लागतो, त्यामुळे तयारीची माणसं मिळतात. ग्राबेन या शब्दाचा अर्थ खंदक. आज जिथे चकचकीत दुकानं आहेत, तिथे विंडोबोना या रोमन छावणीचा खंदक होता. रस्त्याच्या मधोमधचा ढगांनी मढलेला स्तंभ 1679 च्या प्लेगनंतरचा. मिखाएलरप्लाट्झ चौकात तर रोमन घरांचे पाये उघडेच ठेवलेत. त्यांच्या एका बाजूला राजवाड्याचं नक्षीदार प्रवेशद्वार आणि समोर वास्तुकार आडॉल्फ लोसने 1911 मध्ये पुरी केलेली बिननक्षीची इमारत. खिडक्यांवर नक्षी नाही, म्हणून लोक तिला ‘भुवया नसलेलं घर’ म्हणाले.

पण या फेरीचा गाभा माझ्या मते मृत्यूशी बांधलेला आहे. कितीतरी हाब्सबुर्गांची हृदयं ऑगस्टिनर चर्चमध्ये, आतडी स्टेफान्सडोमच्या तळघरात आणि देह कापुचिनर चर्चखालच्या तळघरात ठेवले गेले. ऑगस्टिनरमध्ये 54 हृदयं चांदीच्या भांड्यांत आहेत. ही तिन्ही ठिकाणं काही मिनिटांच्या अंतरावर. कापुचिनरला तिकीट काढून आत जाच. अठराव्या शतकातली सम्राज्ञी मारिया थेरेसा आणि तिचा नवरा यांची भलीमोठी, मूर्तींनी भरलेली शवपेटी आहे आणि तिच्या पायाशी मुलाची, दुसऱ्या योसेफची, साधी तांब्याची पेटी. त्या सम्राटाला बडेजाव नको होता हे कितीही वाचलं तरी त्या दोन पेट्या शेजारी बघितल्याशिवाय आत पोचत नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते.

अडचणीही सांगते. आत दगडी फरशा, गर्दी, आणि स्टेफान्सडोममध्ये प्रार्थना चालू असेल तर पुढे जाता येत नाही. दक्षिण मनोऱ्याच्या 343 पायऱ्या आई-बाबांबरोबर असतील तर सोडून द्या. रिंगस्ट्रासेवर सपाट, सावलीचा पदपथ आणि पाय थकले की ट्राम. मात्र अख्खी फेरी पायी करू नका, तिच्यात कंटाळवाणे तुकडे आहेत. कला आणि निसर्गविज्ञानाच्या जुळ्या संग्रहालयांपासून फोटीफकिर्शेपर्यंतचा भाग पुरेसा, रमतगमत पाऊण तास.

म्हणून माझं मत आतल्या शहराच्या बाजूने. लहान मुलं किंवा गुडघेदुखी बरोबर असेल तरच रिंगस्ट्रासे आधी घ्या. आणि आतली फेरी होफबुर्गसमोरच्या हेल्डनप्लाट्झ मैदानात संपेल अशी आखा. 1938 च्या मार्चमध्ये हिटलरने जिथून ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्याचं लाखोंच्या गर्दीला सांगितलं, तो राजवाड्याचा सज्जा इथेच आहे. मैदान ओलांडलं की बुर्गटोअरची कमान लागते. तट गेला, पण हा दरवाजा राहिला. त्यातून बाहेर पडलात की समोर रिंगस्ट्रासे. तिथून 1 नंबरची ट्राम पकडा आणि संसद, नगरपालिका, विद्यापीठ खिडकीतून बघत शॉटेनटोअरला उतरा.