छोटा ऑसिलोस्कोप किट : केटीच्या निमित्ताने घेतला, आता काही महिने वापरून झालाय

अडॅप्टर काल जळाला, म्हणून आज लिहायला बसलोय. स्कोप, म्हणजे व्होल्टेजची लहर पडद्यावर काढून दाखवणारं हे यंत्र, ठणठणीत आहे.

धाकट्या बहिणीला सिग्नल्स अँड सिस्टीम्समध्ये केटी लागली (विषय राहिला), तेव्हा क्लासच्या फीपेक्षा हा स्वस्त पडला. सेकंदाला 10 लाख सॅम्पल (म्हणजे व्होल्टेजची मोजमापं), 200 किलोहर्ट्झ बँडविड्थ (म्हणजे साधारण तेवढ्या फ्रिक्वेन्सीपर्यंतच नीट दिसतं). डब्यात बोर्ड आहे, क्लिपवाला प्रोब आहे, 9 व्होल्टचा अडॅप्टर मात्र नाही. डब्यात चार्जर न देणाऱ्या मोबाइलवाल्यांचं एकवेळ समजू शकतो, चार्जर घरोघरी पडलेले असतात. 9 व्होल्टचा अडॅप्टर कोणाच्या ड्रॉवरमध्ये सापडतो? चौकोनी बॅटरी लावली तर एका संध्याकाळीत मान टाकते. स्वस्तातला अडॅप्टर लावला तर सरळ रेषेला केस फुटल्यासारखी खरखर दिसते. विक्रेत्याला विचारलं, तर "किटमध्ये तेवढंच येतं, साहेब."

अभ्यासाला मात्र झकास. 1 किलोओहमचा रेझिस्टर, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि बोर्डावरच मिळणारी 1 किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहर), एवढंच लागलं. टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कपॅसिटर, म्हणजे भरण्याच्या वेगाचं माप) 0.1 मिलिसेकंद, अर्धी सायकल 0.5, त्यामुळे कपॅसिटर पूर्ण भरताना आणि पूर्ण रिकामा होताना दिसतो. कन्व्होल्यूशनचं इंटिग्रल, म्हणजे सर्किटमधून काय बाहेर येईल ते काढायचं गणित, तिला नुसतं पाठ होतं. एका टाइम कॉन्स्टंटला कपॅसिटर 63 टक्के भरतो म्हणजे काय, ते तिने पडद्यावरच्या चौकटी मोजून पाहिलं.

माझे दोन तारे कापले गेले ते खोट्या लहरींमुळे. टाइमबेस (पडद्यावर एका चौकटीत किती वेळ मावतो ते सेटिंग) हळू केला की स्कोप सॅम्पलही कमी घेतो आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सेकंदाला 500 सॅम्पल घेणाऱ्या सेटिंगवर मोबाइलच्या टोन अ‍ॅपवरून 503 हर्ट्झ दिले, तर पडद्यावर 3 हर्ट्झची सुबक साइन वेव्ह! दुरुस्तीच्या कामाला असलं यंत्र म्हणजे फसवणूक.

पण बहिणीने मग 497 दिले. तरी 3 हर्ट्झच. 500 ला जवळजवळ सपाट रेषा. "दादा, हे तर पेपरात येतं, एलियासिंग!" म्हणजे सॅम्पल कमी पडले की दिसणारी खोटी लहर. माहिती-सिद्धांतवाल्या शॅननचा 1949 चा शोधनिबंध असो की सरांच्या नोट्स, सॅम्पलिंग सिग्नलच्या सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त हवं, हे दोन्हीकडे आहेच. दुपटीखाली गेलं की दोन वेगळे सिग्नल एकमेकांपासून वेगळे ओळखूच येत नाहीत, हे तिने संध्याकाळभर आकडे बदलून पाहिलं. दोन्ही तारे परत दिले. पडद्याच्या कोपऱ्यात इशारा द्यायला कंपनीला काय खर्च आला असता, हा प्रश्न कायम आहे.

100 किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह गोलसर दिसते म्हणून परत पाठवू नका. तिचा तिसरा हार्मोनिक (तिच्यात मिसळलेली तिप्पट फ्रिक्वेन्सीची लहर) 300 वर असतो, तो बँडविड्थच्या बाहेर पडतो.

इनपुटची मर्यादा 50 व्होल्ट आहे, तेव्हा भिंतीतल्या 230 ला प्रोब लावायचा नाही. 50 हर्ट्झच बघायचे असतील तर प्रोबच्या टोकाला नुसतं बोट लावा, 20 मिलिसेकंदांची लहर दिसते. चार तारे. पाचवा अडॅप्टरचा होता.