एंडोस्कोपी सेंटर, पुणे: काम चोख, पण पाळीची तारीख विचारायची राहून गेली (३ स्टार)

नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मैत्रिणींना विचारलं तर असं बऱ्याच ठिकाणी होतं म्हणे. ॲसिडिटीने वैताग आला होता म्हणून एंडोस्कोपी केली, गुंगी देऊन. एंडोस्कोपी एकदम मस्त, घशात स्प्रे मारला, हातातल्या सुईतून ते दुधासारखं पांढरं औषध गेलं आणि डोळे उघडले तेव्हा सगळं आटपलेलं. रिपोर्ट पण हातोहात.

नंतर पाळी चुकली, टेस्ट केली तर दोन रेषा!! आनंद राहिला बाजूला, आधी पोटात गोळाच आला की बाळ असताना भूल घेतली आपण. फाईल काढून बघितली तर फॉर्मवर शुगर, बीपी, दमा, ॲलर्जी, कवळी सगळं विचारून भरलेलं, आणि एलएमपीच्या, म्हणजे शेवटच्या पाळीच्या तारखेच्या रकान्यात काउंटरवाल्या मुलीने न विचारताच आडवी रेघ मारलेली. त्याच मजल्यावर एक्स-रे रूमबाहेर 'गरोदर असल्यास आधी सांगा' असा भला मोठा बोर्ड आहे बरं का.

फोन केला तर काउंटरवरून उत्तर काय, "मॅडम रिपोर्ट नॉर्मल आहे ना मग?" हट्टच धरला तेव्हा भूलतज्ज्ञ मॅडमना फोन दिला, आणि त्या मात्र देवमाणूस. चार्ट समोर घेऊन बोलल्या. प्रोपोफॉल आणि मिडॅझोलॅम दिलं होतं, डोस थोडा, वेळ थोडा, आणि नेहमीच्या डोसमध्ये भुलीच्या औषधांनी माणसाच्या बाळात व्यंग येतं असं आजवर दिसलेलं नाही. त्यापेक्षा त्या वेळी आईचा ऑक्सिजन आणि बीपी नीट राहिलं का ते महत्त्वाचं, ते पूर्ण वेळ नीट होतं असं वाचून दाखवलं. तारखा जुळवून म्हणाल्या की तेव्हा गर्भ राहून जेमतेम काही दिवस झाले असतील, इतक्या लवकर काही बिघडलंच तर बहुतेक वेळा गर्भ टिकतच नाही, टिकला तर सहसा नीट वाढतो, अवयव बनायला त्यानंतर सुरुवात होते. आणि भुलीपेक्षा नंतर लिहून दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी गायनॅकना आधी दाखव, त्या तू रोज घेतेयस. हे मला सुचलंच नसतं. गायनॅकनी पण भुलीचं ऐकून फक्त मान डोलावली आणि चिठ्ठी मात्र ओळ न् ओळ वाचली.

आता कोणी म्हणेल, त्या दिवशी टेस्ट केली असती तरी निगेटिव्हच आली असती. असेलही. पण तारीख विचारली असती तर पाळी जवळ आलीये हे कळलं असतं, आणि माझी ॲसिडिटी काही इमर्जन्सी नव्हती, आठवडाभर थांबले असते की. लग्न झालंय का, चान्स घेताय का, हे लाजत का होईना पण विचारा ना, आणि नवऱ्याला, सासूला बाहेर काढून विचारा. शंभराच्या आत टेस्ट किट मिळतं मेडिकलमध्ये.

तक्रारीचा मेल टाकला, 'युअर फीडबॅक इज व्हॅल्युएबल' असं छापील उत्तर आलं. दोन स्टार भूलवाल्या मॅडमना, एक पोटाच्या डॉक्टरांना, काउंटरला भोपळा. पार्किंग नाहीये, रिक्षाने जा, तसंही गुंगीनंतर त्या दिवशी गाडी चालवायची नसते.