जंपर केबल: ‘500 अँपिअर’ छापलेली आणि वेल्डिंगच्या वायरीची

डिसेंबर-जानेवारीत निफाड, पिंपळगाव बसवंतकडे पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि रात्रीच माल भरून ठेवलेल्या डिझेल पिकअपचा सेल्फ ‘कट्’ करून गप्प बसतो. उन्हाळ्यात चालून गेलेली जुनी बॅटरी इथे उघडी पडते. थंडीत तिची ताकद घटते, आणि ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर उलट जास्त लागतो. मग सीटखालून जंपर केबल निघते, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा करंट आपल्या गाडीत आणणारी वायरीची जोडी. तिच्यावर बहुधा ‘500 अँपिअर’ छापलेलं असतं. तो आकडा सोडून द्या.

स्वस्त केबल हातात जाडजूड लागते ती प्लास्टिकमुळे. आत सहा चौरस मिलिमीटरच्या आसपास तार, तीही तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. अडीच लिटरचं थंड डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ 300 अँपिअरपर्यंत ओढू शकतो. दोन मीटरच्या अशा जोडीतून तेवढा करंट न्यायचा म्हटलं तर साडेपाच व्होल्टच्या आसपास केबलच खाऊन टाकते. सेल्फ फिरणार कसा? उरतो तो प्लास्टिक तापल्याचा वास.

पकडीतही गोम असते. वायर एकाच जबड्याला जोडलेली, दुसरा जबडा स्प्रिंगच्या भरवशावर. लांबीही अपुरी. दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या केल्याशिवाय पोचत नाही, आणि मार्केटच्या रांगेत तशी जागा कोण देणार?

ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलेली केबल दिसायला ओबडधोबड, पण कामाला चोख. 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल, साडेतीन-साडेतीन मीटरचे दोन तुकडे, दोन्ही जबडे वायरने जोडलेल्या पितळी पकडी, वायरीच्या टोकांना दाबून बसवलेले लग (धातूच्या टोप्या). लांबी जास्त असूनही 300 अँपिअरला घट दीड व्होल्टच्या आत राहते. रबरी आवरण थंडीत काठीसारखं ताठ होत नाही. दाम काही पट पडतो, पण तांबं आहे म्हटल्यावर पडणारच. खरेदी करताना दोन गोष्टी बघा. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत द्या. आणि वजन करा: सात मीटरमध्ये नुसतं तांबंच दीड किलोच्या वर भरायला हवं. कांद्याचा काटा दोनदा बघणारा माणूस केबल मात्र डोळे झाकून घेतो.

जोडण्याचा क्रम: लाल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ठिणगी बॅटरीच्या गॅसजवळ उडता कामा नये. चालू गाडी जरा रेस ठेवून पाच-सात मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंद, मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती. पातळ केबलच हाताशी असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा. बॅटरीत थोडा चार्ज भरला तर कधीकधी काम होतं. काढताना उलटा क्रम.

हायवेवर मदतीला थांबलेल्या मोठ्या ट्रकला केबल लावू नका. त्यात दोन बॅटऱ्या मिळून 24 व्होल्ट असतात. पिकअपचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जळाला तर केबलच्या कितीतरी पट खर्च येतो. शेजारच्या मळ्यातला 12 व्होल्टचा ट्रॅक्टर उत्तम.

पण केबल लावण्याआधी मल्टीमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी थकली. आकडा चांगला आणि सेल्फ तरी मंद, तर टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा, अर्थिंगची पट्टी (बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी) घासून आवळा. सेल्फ जोरात फिरतो, मागून डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो, पण इंजिन धरत नाही? हिटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) तपासा. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं, हेही अनेकजण विसरतात. धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही: फिल्टरमधलं पाणी सोडा, हातपंपाने हवा काढा. ‘डिझेल गोठलं’ हे निदान आपल्याकडे बहुतेकदा चुकतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते तिथल्या थंडीसाठी. आणि हिटर प्लगवाल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मुळीच मारू नका. तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन फुटू शकतो.

वेल्डिंगच्या केबलला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वजन आणि जागेपायी: तिचं वेटोळं सीटखाली जेमतेम मावतं. ‘500 अँपिअर’वालीला एक, तोही स्कूटरच्या बॅटरीला चालते म्हणून.